रोशनबीच्या परड्यातलं ऊन

माझ्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती आणि तिच्यातून बघण्यासारखं एकच काही होतं, ते म्हणजे रोशनबीचं परडं. सासूबाई म्हणायच्या, खिडकीत उभं राहून दुसऱ्याच्या दारात बघत बसू नये. मी बघत बसायची. एकोणीसशे सहासष्ट साली जयसिंगपुराहून लग्न होऊन शाहूपुरीतल्या त्या माडीवरच्या दोन खोल्यांत मी आले आणि पुढं कितीतरी वर्षं त्या खिडकीशी भाकरी थापत राहिले. एवढ्या भाकरी थापल्यावर माणसाला बघायचा हक्क मिळतो, असं माझं मत आहे.

परडं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर विहीर, केळी, नारळ असलं काही आलं असेल तर ते आधी पुसून टाका. एका बाजूला आमच्या घराची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला गुळाच्या व्यापाऱ्याच्या गोदामाची उंच दगडी भिंत, आणि दोन्हींच्या मध्ये उरलेला लांबट पट्टा. एका टोकाला रोशनबीच्या दोन कौलारू खोल्या, दुसऱ्या टोकाला गल्ली. दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असता तर तिथं फुटक्या बादल्या, ओले कोळसे आणि घुशी नांदल्या असत्या. आमच्या बाजूच्या बोळात तेच होतं, खोटं कशाला बोलू.

रोशनबीनं त्या पट्ट्यातून काय काय काढलं होतं! गोदामाच्या भिंतीला सुतळ्या बांधून दोडका वर चढवलेला. डालड्याच्या डब्यांत पुदिना आणि कोथिंबीर. न्हाणीचं पाणी जिथून वाहायचं तिथं अळू. पण खरी गंमत मधल्या जागेची. तिथं विटांवर उंच केलेली बाज असायची. बाजेखाली कोंबड्या, बाजेवर जुनेर टाकून पसरलेल्या मिरच्या, आणि त्यांच्यावर, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेल्या तारांवर, आडव्या काठ्यांवरून लोंबणाऱ्या शेवया. माणसं घरावर मजले चढवतात, हिनं जमिनीच्या त्या पट्ट्यावर मजले चढवले होते.

आणि हे काही हौसेचं काम नव्हतं. तिचा नवरा शमशुद्दीन मालाच्या ट्रकवर ड्रायव्हर. आज बेळगाव, उद्या मुंबई, घरी असला तर असला. घराला खरा हातभार लावायचं ते हे परडं. उन्हाळा लागला की पेठेतल्या बायका तिच्याकडं गव्हाचं सपीठ टाकून जायच्या आणि शेवया घेऊन जायच्या. कुणाच्या चटणीच्या मिरच्या वाळवायच्या असायच्या, कुणाच्या कुरडया. ईदच्या आधी तर विचारूच नका. ज्यांच्या घरात रोशनबीच्या हातचं पाणीसुद्धा चाललं नसतं अशा घरांतही शेवया तिच्याच लागायच्या, कारण खिरीत घातल्यावर त्यांचा लगदा होत नसे. सोवळ्याला अशा वेळी बरोबर डोळा लागतो.

ऊन मात्र तिथं उशिरा यायचं आणि लवकर जायचं. सकाळी गोदाम आडवं, उतरत्या दुपारी आमची माडी आडवी. मध्ये जे काही मिळायचं ते रोशनबी एक कवडसासुद्धा वाया न घालवता वापरायची. बाज सरकव, काठ्या फिरव, या तारेवरच्या त्या तारेवर ने. एकदा मी खिडकीबाहेर साडी वाळत घातली आणि तिचा पदर जरा खाली लोंबला. लगेच खालून हाक आली.

"ओ वैनी! तुमची साडी माझं ऊन खातीया की!"

एवढ्याशा पदराची ती काय सावली! मला राग आला होता. पण वाकून बघितलं तर खरंच, मिरच्यांवर काळा पट्टा पडला होता. मी मुकाट्यानं साडी वर ओढली आणि पुन्हा कधी तिथं वाळत घातली नाही.

शेवयांना दोन माणसं लागतात. एकीनं उतरत्या लाकडी पाटाच्या उंच टोकाशी बसायचं आणि घट्ट मळलेला गोळा तळव्याखाली घासत, वळत खाली सोडायचा. दुसरीनं खालच्या टोकाशी बसून ती तार तुटू न देता हलक्या हातानं ओढून घ्यायची आणि काठीवर टाकायची. दोघींचा हात जुळला नाही तर शेवई तुटते. रोशनबी वळायची आणि धोंडुबाई ओढायची.

धोंडुबाई म्हणजे गल्लीच्या पलीकडची, गूळ बाजारातल्या केरबा हमालाची बायको. दोघी एका वयाच्या आणि दोघींची तोंडं सारखीच फटकळ. उन्हात गोळा सुकतो, म्हणून वळण्याचं काम रोशनबीच्या आतल्या काळोख्या खोलीत चालायचं. तिथं घामाच्या धारा लागलेल्या, आणि तशातही सगळ्या शाहूपुरीची उणीदुणी काढून व्हायची. मला वर ऐकू यायचं. कधी माझीही निघायची. शेवई मात्र तुटायची नाही.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात धोंडुबाईच्या लेकीचं, चिमणाचं लग्न ठरलं. शिरोळकडचं स्थळ, ऊसवाले. केरबाच्या उंबरठ्याला लागूनच गटार, आणि गटाराला लागून गल्ली. मांडव घालायला हातभर जागा नाही. ऐन वाळवणाचे दिवस होते. तरी रोशनबीनं बाज उचलली, तारा सोडल्या, कोंबड्या डालग्यात कोंडल्या आणि परडं लख्ख सारवून ठेवलं.

"चिमणा काय माझी कुणी न्हाय व्हय?" ती म्हणाली. "घाला मांडव."

मांडवाचा पहिला खांब म्हणजे मुहूर्तमेढ. ती त्यांच्यात उंबराची लागते. केरबा आणि त्याचा भाऊ आकाराम नदीकडं जाऊन मनगटाएवढी ओली फांदी तोडून घेऊन आले, तिची पूजा केली आणि परड्याच्या मध्यात, जरा गल्लीकडच्या अंगाला ती रोवली. लग्न थाटात लागलं. चिमणा रडत रडत गेली आणि आम्ही बायका तिच्याहून जास्त रडलो.

रीत अशी की लग्नानंतर चांगला दिवस बघून मेढीची पूजा करायची आणि मगच ती हलवायची. पण आठवडा झाला नाही तोच केरबाची आई वारली. सुतकात पूजा कसली? मंडपवाला आपलं कापड आणि बांबू घेऊन गेला, मेढ तेवढी उभी राहिली. सुतक फिटलं तेव्हा केरबा पुन्हा बाजारात पोती उचलायला लागला होता. आज काढू, उद्या काढू. आणि इकडं रोशनबी कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचं आंबूस पाणी रोज त्या मेढीच्या बुडात ओतत होती. न्हाणीत ओतलं तर वास मारतो म्हणून. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

एक दिवस मी खिडकीतून बघते तर मेढीला तांबूस कोवळी पानं फुटलेली.

गल्लीत नुसता गलका झाला. उंबर म्हणजे दत्ताचं ठिकाण, त्याला कोण हात लावणार? त्यात लग्नाची मेढ फुटली. आमच्या गल्लीत बायडाबाई म्हणून एक बाई होत्या. कशाचा काय अर्थ लावायचा हे काम त्यांच्याकडं असे. त्यांनी सांगून टाकलं की चिमणाचा संसार रुजला. झालं! धोंडुबाईनं त्या फांदीला मिठी मारली आणि डोळ्याला पदर लावला. गुरुवारी बायका हळदकुंकू घेऊन प्रदक्षिणेला हजर.

रोशनबी कमरेवर हात ठेवून वर आभाळाकडं बघत होती. ती काय बघते आहे ते मला कळलं. उंबर कसा वाढतो आणि कसा पसरतो हे कुणाला सांगायला नको. दोन-तीन उन्हाळ्यांत त्यानं भिंतीपासून भिंतीपर्यंत छत्र धरलं असतं.

"वैनी," ती खालून म्हणाली, "माझं ऊन गेलं की वो."

आणि त्याच साली दिवाळीच्या सुमारास शमशुद्दीनचा ट्रक घाटात उलटला. जीव वाचला, पाय मात्र अधू झाला. कुबडी घेऊन तो घरी बसला तो कायमचा. आता हातभाराची गोष्ट संपली. रोशनबी, शमशुद्दीन आणि त्यांची लेक नजीरा, तिघांची पोटं त्या पट्ट्यावरच्या उन्हावर आली, आणि पट्ट्याच्या मध्यात देव उभा.

एक दिवस आकाराम, म्हणजे चिमणाचा चुलताच, येऊन हळूच म्हणाला, "भाभी, आमाला तोडाय येत न्हाय. तुमच्यात काय त्याला दोष न्हाय. एखाद्या दुपारी टाका उपटून. आमी बगितलंच न्हाय म्हणतो."

काय पण सोय लावली होती गड्यानं! पाप लागलं तर परभारे हिला. पण खरं सांगते, वर खिडकीत मीसुद्धा मनात म्हणत होते, टाक बाई उपटून. लहान आहे तोवर टाक.

"माझ्यात दोष नसंल," रोशनबी म्हणाली, "पर धोंडूच्या जिवाला घोर लागंल न्हवं? शिरोळात पोरीला निस्ती शिंक आली तरी ती म्हणंल, रोशननं मेढ उपटली म्हणून आली. न्हाय उपटत मी."

उपटायचं नाही, आणि ऊनही सोडायचं नाही. मग हिनं काय केलं? त्या कोवळ्या खोडाच्या शेंड्याला चिंधी गुंडाळली, चिंधीवर दोर बांधला, दोराचं दुसरं टोक गल्लीकडच्या फाटकावरून पलीकडं सोडलं आणि त्याला जात्याची फुटकी तळी बांधून लोंबती ठेवली. झाड गल्लीकडं झुकलं. थोडे दिवस गेले की दोर आणखी आखडायचा. नवी फांदी परड्याकडं फुटली की तिलाही एक धोंडा. तरीही जी पानं परड्यावर यायची त्यांच्यासाठी तिनं एक शेळी आणली आणि नेमकी त्या बाजूला बांधली.

"मी कुठं तोडतो?" ती मला डोळा घालून म्हणाली. "शेळी खातीया."

प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका वाळवणाला धक्के मारायच्या, म्हणून तिनं उंबराभोवती विटा मांडून एक बाई जाईल एवढी गोल वाट करून दिली. विटांच्या आतल्या ओल्या मातीत पुदिना लावला. दर गुरुवारी आमच्या गल्लीतल्या बायकांच्या पदरांना पुदिन्याचा वास यायचा.

हे सगळं जमत आलं होतं, आणि धोंडुबाईनं तो लोंबता धोंडा बघितला.

"माझ्या लेकीच्या मेढीला फास लावलास?" ती गल्लीतूनच ओरडली.

"फास न्हाय गं. वळण लावतो झाडाला. जित्तं हाय, वाढतंय, बग की."

"जित्त्या झाडाच्या गळ्यात धोंडा बांधतीस? अगं, माझ्या चिमणाच्याच गळ्यात बांधलास की त्यो!"

"मग माझ्या पोटाला काय बांधू? सांग की! ऊन नसलं तर खायाचं काय आमी?"

भांडण पेटलं ते पेटलंच. मी डाळीला फोडणी द्यायची सोडून उभी. दोघींनी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि शेवटी धोंडुबाई म्हणाली, "आजपासनं तुझ्या पाटाला माझा हात लागायचा न्हाय."

आणि तो लागला नाही. वर्षांमागून वर्षं गेली, दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. रोशनबी एकटीच वळायची, मग उठून खाली जाऊन एकटीच ओढायची, पुन्हा वर येऊन बसायची. शेवया तुटायला लागल्या. काम निम्म्यावर आलं. तिनं दुसरी कुणी पाटाशी बसवली नाही. मी एकदा म्हटलं, मी येऊ का? तर माझे हात बघून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वैनी, तुमी आपल्या भाकरी थापा." मला लागलं ते, पण माझ्या हाताला शेवई जमली नसती हेही खरं.

धोंडुबाई गुरुवारी मात्र यायची. रोशनबीच्या दाराकडं पाठ करून उंबराला हळदकुंकू वाहायची, प्रदक्षिणा घालायची, आणि मग गल्लीत जाऊन तो लोंबता धोंडा दोन्ही हातांनी थोडा वेळ उचलून धरायची. झाडाला तेवढाच विसावा म्हणून. तोवर रोशनबी मुद्दाम आत जाऊन बसायची. धोंडुबाईला धोंडा सोडवून टाकता आला असता, रोशनबीला तिला हटकता आलं असतं. दोघींनीही केलं नाही. हे मला त्यांच्या भांडणापेक्षा जास्त बघवत नसे.

झाडानं रोशनबीचं ऐकलं. खोड परड्यात आणि डोकं गल्लीत, असा तो उंबर वाढला, दारात उभं राहून बाहेर वाकून बघणाऱ्या माणसासारखा. सावली पडायची गल्लीत. भर दुपारी तिथं हमाल टेकायचे, भांडीवाली आपली टोपली उतरवायची. गळलेल्या उंबरांवर कोंबड्या लठ्ठ झाल्या. पण काहीही म्हटलं तरी झाड ते झाड. कितीही वाकवलं, तरी परड्याचं तिसरा हिस्सा ऊन त्यानं खाल्लंच. तेवढ्या जागेत रोशनबीची एक तार बसली असती. ती त्या सावलीकडं बघायची आणि बाज सरकवायची.

शिरोळकडून मात्र चांगली बातमी येईना. चिमणाला मूल होत नव्हतं. सासू बोलायला लागली, मग नवरा बोलायला लागला. धोंडुबाई नवस बोलली, दत्ताच्या वाडीला पायी जाऊन आली. दर वेळी वाईट काही कळलं की ती त्या वाकलेल्या झाडाकडं बघायची, आणि मग रोशनबीच्या दाराकडं.

शहात्तर साली, शेवयांचे दिवस नुकते सुरू झाले होते तेव्हा, चिमणा एक ट्रंक घेऊन यष्टीनं परत आली. नवऱ्यानं दुसरी बायको आणली होती. ती आईच्या उंबरठ्यावर बसली आणि बसूनच राहिली. लग्नात गुबऱ्या गालांची पोर होती. आता ओळखू येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई कुऱ्हाड घेऊन परड्यात शिरली.

"रुजला म्हणं संसार!" ती ओरडली. "ह्याला पाणी घातलं, ह्याच्या पाया पडलो, आणि माझ्या पोरीचं वाटुळं झालं!" मागं केरबा हात जोडत होता, अगं उंबर हाय, अगं पाप हाय. तिनं ऐकलं नाही. पहिला घाव खोडात बसला आणि पांढरा चीक वाहायला लागला.

मी खिडकीतून जीव खाऊन हाक मारली, "भाभी!"

रोशनबी आतून धावत आली. कोपरापर्यंत हात पिठानं भरलेले. दुसरा घाव पडायच्या आत ती खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"सरक," धोंडुबाई म्हणाली. इतक्या वर्षांनी तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"न्हाय सरकत."

"तुला तर नकोच हुता न्हवं ह्यो? दोर बांधलास, धोंडं बांधलंस. आता माझ्या हातानं काढून टाकतो. घे तुझं ऊन तुला परत!"

सगळी गल्ली फाटकाशी गोळा झाली होती. शमशुद्दीन कुबडीवर दारात उभा. मी वरून बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच होतं. एक पाऊल! एक पाऊल बाजूला झाली असती तर सगळं ऊन तिला परत मिळणार होतं, आणि पाप नाही, बोल नाही, झाड तोडणारी जिची मेढ तीच. मी असते तर सरकले असते. तुम्हीही सरकला असता, उगाच मान हलवू नका.

"मला नको हुता तवा तुझ्या लेकीपायी ठिवला," रोशनबी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आता तुझ्या लेकीपायीच तोडू व्हय? झाडानं काय केलं गं? केलं ते तिच्या नवऱ्यानं. कुऱ्हाड घिऊनच जायाचं असंल तर शिरोळची यष्टी धर. मी बी येतो संगं."

फाटकाशी कुणीतरी फसकन हसलं. धोंडुबाईच्या तोंडावर आधी राग आला, मग काय आलं ते मला सांगता येणार नाही. कुऱ्हाड खाली पडली. ती रोशनबीच्या पिठाळ खांद्यावर डोकं ठेवून अशी रडली की मला खिडकीतून बाजूला व्हावं लागलं. बघायचा हक्क असला तरी काही गोष्टी बघू नयेत.

परत आले तेव्हा रोशनबी गल्ली ओलांडून चिमणाला हाताला धरून आणत होती. उंबराखाली, त्या तिसऱ्या हिश्श्याच्या सावलीत, तिनं तिला बसवलं. चहा दिला. चिमणानं घेतला नाही. मग रोशनबी आत गेली आणि शेवयांचा पाट उचलून बाहेर घेऊन आली. तो पाट मी त्या दिवशी पहिल्यांदा उजेडात बघितला. उंच टोकाशी ती स्वतः बसली, चिमणाला म्हणाली, "धर."

पहिली शेवई तुटली. दुसरी तुटली.

"मावशी, न्हाय जमत मला."

"तुटू दे की. गोळा हितंच हाय. परत वळू."

दुपारपर्यंत तुटत राहिल्या. मग एक लांबलचक तार आली, सरळ, केसासारखी बारीक, आणि चिमणानं ती काठीवर टाकली. रोशनबी वळता वळता थांबली. तिनं गोळा चाचपून बघितला, वर झाडाकडं बघितलं, आणि कपाळावर पिठाचा हात मारून घेतला.

"धोंडू, अगं, हितं गोळा सुकतच न्हाय! आधी आपण दोघी आत काळोखात मेलो, आणि मग इतकी वर्सं मी एकटीच मेलो. सावली हितं दारात उभी हुती की गं!"

खरंच होतं. वळायला सावली लागते आणि वाळवायला ऊन, आणि त्या परड्यात आता दोन्ही शेजारी शेजारी होतं. पाटापासून तारेपर्यंत चार पावलं. ज्या ऊन खाणाऱ्या जागेवर ती इतकी वर्षं चरफडली तीच सगळ्यांत कामाची निघाली. ती स्वतःवरच एवढी हसली की धोंडुबाईलाही रडता रडता हसू आलं. नाक पुसून ती चिमणाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "सर जरा. अशी ओढत्यात व्हय?"

त्या उन्हाळ्यापासून तिघी. फाटकाजवळ सावलीत पाट, मागं उन्हात तारा, खाली मिरच्या, त्याखाली कोंबड्या. लोंबता धोंडा रोशनबीनं सोडून टाकला. झाड आता आपल्या वळणावर गेलं होतं. दोन वर्षांत चिमणाचा हात असा बसला की बायका सपीठ देताना विचारायला लागल्या, ओढायला चिमणा आहे ना? तिच्या गालांवर थोडं मांस आलं. ती पुन्हा भांडायला लागली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

त्र्याऐंशी साली नजीराचं लग्न निघालं, ते त्याच परड्यात. बाज उचलली, तारा सोडल्या. मंडपवाल्यानं कापड आणलं आणि एका बाजूला बांधायला खांब शोधायला लागला. धोंडुबाईनं त्याच्या हातातून दोरी काढून घेतली आणि उंबराच्या खोडाला, कुऱ्हाडीचा घाव भरून गाठ आली होती बरोबर त्या जागी, आपल्या हातानं आवळून बांधली. ओढून बघितली. "हाय पक्की," म्हणाली. रोशनबी पलीकडं उभी होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

दुपारी हळद होती. हळद चिमणानंच सकाळपासून पाट्यावर वाटली होती. पण नजीराला पाटावर बसवलं, बायका भोवती जमल्या, आणि चिमणा ताटली खाली ठेवून हळूच मागं सरकत सरकत पार कोंबड्यांच्या डालग्यापाशी जाऊन उभी राहिली. असल्या वेळी कुठं उभं राहायचं हे टाकलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. मी त्या दिवशी खिडकीत नव्हते, खाली होते, म्हणून मला दिसलं.

रोशनबीची मोठी जाऊ सुगरा मिरजेहून आली होती. ती म्हणाली, "पहिली हळद लावायला नांदती बाई बघा कुणीतरी." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तसंच म्हणतात. बायडाबाई पदर सावरून पुढं झाल्या.

"थांबा," रोशनबी म्हणाली. "चिमणा, हिकडं ये."

चिमणा जागची हलली नाही. धोंडुबाईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"ये म्हणतो न्हवं? हळद कुणी वाटली?"

"मावशी," चिमणा कशीबशी म्हणाली, "मला कुठं चालतंय ते?"

रोशनबीनं खालची ताटली उचलली आणि तिच्यापुढं नेऊन धरली.

"माझ्या परड्यात चालतंय," ती म्हणाली.

चिमणानं हळदीत बोटं बुडवली, पुढं आली, आणि नजीराच्या गालाला पहिली हळद लावली. ऊन गोदामावरून पुरतं खाली आलं होतं, मांडवाच्या कापडावर नुसतं लखलखत होतं, आणि त्या एका दिवशी रोशनबीनं ते सगळंच्या सगळं वाया जाऊ दिलं.